केव्हा आणि काय



महिन्यापूर्वी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला. म्हणाले, ‘सर, पत्रिका छापायची आहे, विषय सांगा.’ मी म्हटलं, ‘पत्रिका.’ ते म्हणाले, ‘हो, पत्रिकाच छापायची आहे, पण विषय?’ मी पुन्हा म्हटलं, ‘पत्रिका.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. म्हातारा आता गेला, असं त्यांना वाटलं असणार. तर विषय तोच आहे. आमंत्रणाची नव्हे, जन्माची पत्रिका. आपलं जुनं, परंपरेनं आलेलं ज्योतिष.

मी कुठल्या बाजूचा, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला चुळबुळ नको. मी जोशाच्या घरातला. आजोबा कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावाचे जोशी. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. मला पत्रिका मांडता येते, दशा काढता येते, मुहूर्तही काढता येतो. पण फलावर माझा विश्वास नाही. त्यामुळे ज्योतिषी मला घरभेदी समजतात आणि माझे विवेकवादी मित्र मला कच्चा समजतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते गुरुजी मात्र म्हणायचे, ‘ज्याला दोन्हीकडून शिव्या पडतात त्याला बोलायला उभं करावं, निदान झोप येत नाही.’

आजोबांकडे माणसं यायची ती ओटीवर बसायची. आधी गूळ-पाणी. मग आजोबा पंचांग उघडायचे, पाटी घ्यायचे, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरायला लागायचा. मी खांबाला टेकून ऐकायचो. लोक काय विचारायचे? नांगर केव्हा धरू? मुलीला केव्हा पाठवू? विहिरीला केव्हा हात घालू? बोट पाण्यात केव्हा लोटू? केव्हा, केव्हा, केव्हा. ‘माझं काय होणार?’ हा प्रश्न क्वचित यायचा, आणि तो विचारणारा माणूस आवाज खाली आणायचा. इतरांसमोर विचारायचा नाही. सगळे उठून गेल्यावर विचारायचा.

‘केव्हा’ आणि ‘काय’. माझं आजचं बोलणं या दोन शब्दांवर आहे. हे दोन प्रश्न एका ओटीवर विचारले जात असले तरी एका घरचे नाहीत, असं माझं म्हणणं आहे.

आपल्याकडचा सर्वांत जुना ज्योतिषग्रंथ म्हणजे लगधाचं वेदांग ज्योतिष. छोटीशी चोपडी. त्यात पाच वर्षांचं युग आहे, तिथी आहे, सत्तावीस नक्षत्रं आहेत, दिवस लहान-मोठा कसा होतो त्याचं गणित आहे. कशासाठी? यज्ञ वेळेवर व्हावा म्हणून. त्यात मेष-वृषभ नाहीत, कुंडलीतलं लग्न नाही, बारा स्थानं नाहीत. तुमचं-माझं नशीब तर नाहीच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी दाखवून दिलं की महाभारतातही मेषादी राशी नाहीत आणि वारही नाहीत. भीष्म शरपंजरी उत्तरायणाची वाट पाहतात, पण तो दिवस सोमवार होता की मंगळवार, हे कोणी विचारत नाही.

दीक्षितांबद्दल थोडं बोलायलाच हवं. दापोलीजवळच्या मुरुडचा हा माणूस, जन्म 1853 चा. पेशानं शिक्षक. 1896 साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ छापून आला आणि दोन वर्षांत ते गेले. वय चव्वेचाळीस. एवढं मोठं काम मराठीत आहे, आणि आपल्यातल्या किती जणांनी ते हातात धरलंय? हात वर करा म्हणत नाही, मला तुम्हाला लाजवायचं नाही.

मग राशी आल्या कुठून? इथे मला तुमच्याशी शब्दांचा खेळ खेळायचा आहे. आपण कुंडलीत ‘केंद्र’ म्हणतो. पहिलं, चौथं, सातवं, दहावं स्थान. त्यांच्या पुढची ती ‘पणफर’. त्याच्या पुढची ‘आपोक्लिम’. राशीचा तिसरा भाग ‘द्रेष्काण’. सातवं स्थान ‘जामित्र’. संस्कृत येणाऱ्यांनी मला पणफरचा धातू सांगावा. सांगता येणार नाही, कारण हे शब्द ग्रीक आहेत. धोतर नेसवून, गंध लावून बसवलेले ग्रीक. ‘होरा’ हाही तसाच. आता आपल्या लोकांनी त्याची व्युत्पत्ती लावली की ‘अहोरात्र’ यातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर काढलं की होरा उरतो. वराहमिहिर ही व्युत्पत्ती देतो, पण ‘असं काही जण म्हणतात’ एवढं म्हणून मोकळा होतो. सहाव्या शतकातला, उज्जैनकडचा तो माणूस. त्यानं लपवाछपवी केली नाही. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेंच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे नीट आहे, म्हणून ऋषींसारखा त्यांचा मान ठेवतात, असं त्यानं स्वच्छ लिहून ठेवलं. चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वी एवढा मोकळेपणा होता. आज कोणी असं लिहिलं तर त्याच्या घराच्या काचा शाबूत राहतील का?

वारांचंच बघा. रविवारनंतर सोमवारच का? आकाशात रवी आणि चंद्र काही शेजारी नाहीत. पाटी घ्या. ग्रह मंदगतीपासून शीघ्रगतीपर्यंत लिहा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस होरे. एकेक होरा एकेका ग्रहाला, याच क्रमानं. शनिवारचा पहिला होरा शनीचा. सात-सात करत गेलात की बाविसावा पुन्हा शनीचा, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळचा पहिला होरा कोणाचा? रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसंच मोजा, चंद्र येतो. वर्गात हे फळ्यावर केलं की मागच्या बाकावरची मुलंही वही काढायची. आपण ज्या वारी उपास धरतो, ज्या वारी नखं काढत नाही, त्या वाराची मोजदाद परदेशातून आलेल्या चौकटीवर उभी आहे. उपास धरू नका असं मी म्हणत नाही. साबुदाणा तरी आपला कुठे आहे?

तर ‘केव्हा’ आपल्याकडे आधीपासून होता आणि ‘काय’ पाहुणा म्हणून आला, असं मी म्हणतोय. यात थोडी लबाडी आहे, ती मीच कबूल करतो. अथर्ववेदात ज्येष्ठा आणि मूळ नक्षत्रांवर जन्मलेल्या पोराची धास्ती आहे, त्याच्या रक्षणाची प्रार्थना आहे. म्हणजे ‘या पोराचं काय होणार’ ही भीती आपल्या घरातही होतीच. यवनांनी भीती दिली नाही. भीतीला बारा घरांचा तक्ता दिला. दीक्षितांचा कल जातकाचं, म्हणजे जन्मकुंडलीवरून फल सांगण्याचं, मूळही इथेच शोधण्याकडे होता. त्यांच्यापुढे मी कोण, पण पणफर-आपोक्लिम ऐकल्यावर मला तरी ते पटत नाही. आणि पुढे पाहुण्यांची रांगच लागली. वर्षफल सांगणारं ताजिक अरबी-फारसीतून आलं. त्यातला ‘इत्थशाल’ योग म्हणजे अरबी इत्तिसाल. दोन ग्रहांची जोडणी. नीलकंठ दैवज्ञानं सोळाव्या शतकात काशीला बसून त्यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि शास्त्रीबुवा तो घोकू लागले.

आता गणिताकडे येतो. थोडा वेळ जास्त घेईन, माझा जीव तिथे आहे.

मुरुड-जंजिऱ्याजवळचं नांदगाव. तिथल्या गणेश दैवज्ञानं शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, ग्रहलाघव लिहिलं. नावातच लाघव. काय केलं यानं? ज्या-कोटिज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, भानगडच काढून टाकली. कल्पारंभापासून कोट्यवधी दिवस मोजायचे, ते सोडून अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली, 4016 दिवसांचं एक चक्र. संख्या लहान झाल्या. गावचा जोशी ओटीवर बसून, पाटीवर, ग्रह काढू शकेल इतक्या लहान. पुढची साडेतीन-चारशे वर्षं महाराष्ट्रातली पंचांगं या पुस्तकावर चालली. आमच्या घरची प्रत तेलकट झालेली होती, कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या. आजोबांना ती पाठ होती, तरी समोर उघडी लागायची. गवयाला तंबोरा लागतो तशी.

आणि घटिकापात्र. आमच्याकडे तांब्याचं होतं. बुडाला बारीक भोक असलेली वाटी, दुसरं काही नाही. पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडायची. पाणी हळूहळू वर चढतं. काठाला आलं की वाटी एकदा डगमगते आणि ‘डुब’ असा आवाज करून तळाला जाते. झाली एक घटका, चोवीस मिनिटं. लग्नघरात एका पोराला तिच्याजवळ बसवायचे. त्यानं नजर हलवायची नाही. मी बसलोय. मांडवात जिलब्यांचा वास, आणि मी वाटीकडे बघतोय. एकदा डुलकी लागली. वाटी केव्हा बुडाली कळलंच नाही. मी गपचूप ती वर काढून पुन्हा सोडली. त्या जोडप्याच्या डोक्यावर अक्षता कुठल्या मुहूर्तावर पडल्या, हे मी आज, इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. दोघांनी पन्नास वर्षं संसार केला. मुहूर्तावर लागलेली किती लग्नं मोडली ते तुम्हीही पाहिलंय. पण मी यावरून काहीच सिद्ध करत नाही हं. एका वाटीवरून काही सिद्ध होत नसतं.

हे गणित पुढे मोडायला लागलं. ग्रहलाघवाची ग्रहणं चुकू लागली. पंचांग म्हणतं ग्रहण आता, आकाश म्हणतं जरा थांबा. केरो लक्ष्मण छत्र्यांनी एकोणिसाव्या शतकात नव्या वेधांवर पंचांग काढलं, ते पटवर्धनी पंचांग. लोकमान्य टिळक त्या बाजूचे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी ज्योतिर्गणित लिहिलं. मग वाद पेटला तो राशिचक्राच्या आरंभाचा. रेवतीतल्या ताऱ्यापासून मोजायचं, की चित्रा तारा बरोबर समोर येईल अशा बिंदूपासून? दोघांत फरक जेमतेम चार अंशांचा. चार अंश म्हणजे केवढंसं? हात लांब करून तीन बोटं आकाशाला लावली की साधारण तेवढं होईल.

पण त्या तीन बोटांत काय-काय सापडतं बघा. एक नक्षत्र तेरा अंश वीस कलांचं. म्हणजे दहांपैकी तीन बाळांचं जन्मनक्षत्र एका पंचांगात एक, दुसऱ्यात दुसरं. विंशोत्तरी दशा नक्षत्रावरून निघते. एकशेवीस वर्षांची वाटणी. शुक्राला वीस, शनीला एकोणीस, रवीला सहा. नक्षत्र तेच राहिलं तरी चार अंश सरकले की शनीची दशा साडेपाच-पावणेसहा वर्षं इकडची तिकडे. एकाच्या मते तुमचे वाईट दिवस संपलेत, दुसऱ्याच्या मते अजून यायचेत. बाळ तेच, आई तीच, वेळ तीच.

1904 साली मुंबईत पंचांग परिषद झाली, पुढे आणखी झाल्या, मिटलं नाही. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिनं चित्रेच्या बाजूनं कौल दिला. आज बहुतेक पंचांगं त्या बाजूची. पण टिळक पंचांग मानणारी घरं अजून आहेत, आणि अधिक महिना वेगळा पडला की त्यांची दिवाळी वेगळी. शेजारी विचारतात, ‘अहो, तुमचा कंदील एवढ्यात?’

आता याच गणिताचा एक गुण सांगतो, जो फलवाले विसरतात आणि टीकाकारही. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचा वाद तुम्हाला ठाऊक आहे. 1627 की 1630? जेधे शकावलीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया सापडली. पण एकाच कागदावर विसंबायचं कसं? तेव्हा जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातल्या कुंडल्या पुढे आल्या, त्यांत महाराजांची कुंडली निघाली. तीही 1630 चीच साक्ष देणारी. कुंडलीनं साक्ष कशी दिली? कुंडली हे घड्याळ आहे. शनीला एक फेरा घ्यायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला बारा. तो वर्षाचा काटा. रवी कुठल्या राशीत, तो महिन्याचा काटा. चंद्र दिवसाचा. लग्न तासाचा. तीन वर्षांच्या चुकीत गुरू तीन घरं पुढे गेलेला असणार, तो लपत नाही. त्या जोशानं कुंडलीखाली भविष्य काय वर्तवलं होतं, याच्याशी इतिहासकाराला घेणंदेणं नव्हतं. त्याला ‘केव्हा’ हवं होतं. आणि ‘केव्हा’ तिथे बिनचूक होतं.

तत्त्वज्ञानाचं सांगितल्याशिवाय मला सोडणार नाही तुम्ही. कार्यकर्त्यांनी पत्रिकेत ‘तत्त्व आणि व्यवहार’ असं छापलंय.

ग्रह आपलं बरं-वाईट करतात, की नुसतं दाखवतात? कारक की सूचक? जुन्या आचार्यांचं उत्तर देखणं आहे. मागच्या जन्मी जे साठवलंय ते अंधारातल्या वस्तूंसारखं पडलेलं आहे. शास्त्र म्हणजे दिवा. दिव्यानं वस्तू निर्माण होत नाहीत, दिसतात. कर्मसिद्धांत मानणाऱ्याला हे पटण्यासारखं आहे. शनीचा तुमच्याशी काही वैरभाव नाही, तो पोस्टमन आहे, पत्र तुमचंच.

छान. मग माझा एक साधा प्रश्न आहे. दिवा वस्तू दाखवतो, तर दिव्याची शांत कशाला करायची? खोलीत साप दिसला तर काठी आणायची की समईला नैवेद्य दाखवायचा?

याचंही उत्तर परंपरेत आहे. कर्म दोन तऱ्हेचं, दृढ आणि अदृढ. घट्ट झालेलं भोगल्यावाचून सुटत नाही, सैल असलेलं उपायानं हलतं. शिवाय ग्रह नुसते गोळे नाहीत, देवता आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत ग्रहशांतीचं प्रकरणच आहे. म्हणजे एका हातात दिव्याचा सिद्धांत आणि दुसऱ्या हातात देवतेचा, आणि गिऱ्हाईक समोर आलं की जो सोयीचा तो पुढे. भविष्य चुकलं? तुमचं कर्म अदृढ होतं, शांतीनं टळलं. बरोबर आलं? दृढ होतं. असा तराजू मला वाण्याकडे दिसला असता तर मी दुकान बदललं असतं.

आणि आता या तत्त्वज्ञानाची खरी परीक्षा प्रसूतिगृहात चाललीय. सिझेरियन करायचंच आहे, तर मुहूर्तावर करा. आईबाप ज्योतिषाकडून वेळ काढून आणतात. लग्न अमुक, चंद्र तमुक, सकाळी नऊ-बावीस ते नऊ-चाळीस. डॉक्टर म्हणतात, नऊला मला दुसरी केस आहे, साडेअकराला जमवा. आता सांगा, त्या बाळाचं प्रारब्ध कुठे ठरलं? मागच्या जन्मी, की डॉक्टरांच्या डायरीत? मला यात गंमत वेगळीच दिसते. जातकाचं रूपांतर मुहूर्तात झालं. ‘काय’ला कंटाळून लोक पुन्हा ‘केव्हा’कडे आले, पण हाव ‘काय’चीच.

फल खरं ठरतं का, हे कोणी मोजलं का? मोजलं, पुण्यातच. 2008 साली जयंत नारळीकरांनी, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांना बरोबर घेऊन. शंभर हुशार मुलं, शंभर गतिमंद मुलं, सगळ्यांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या. ज्योतिष्यांना चाळीस-चाळीस कुंडल्या दिल्या आणि सांगितलं, यातली हुशार कोणती, मंद कोणती, वेगळी करा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर किती? सरासरी शेकडा सेहेचाळीस. एका संस्थेनं सगळ्या दोनशे तपासल्या, एकशेदोन बरोबर. नाणं उडवून तेवढंच मिळतं, आणि नाणं दक्षिणा घेत नाही. ज्योतिषी म्हणाले, नुसत्या कागदावरून होत नसतं, जातक, म्हणजे ज्याची पत्रिका तो माणूस, समोर लागतो, अंतःस्फूर्ती लागते. हे मात्र मी पूर्ण मान्य करतो. जातक समोरच लागतो. आजोबांच्या ओटीवर निम्मं भविष्य जातकच सांगायचा. आजोबा पाटीकडे बघत ‘हं’ म्हणायचे.

दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 ला झाली. ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर त्याच दिवशी गेले. याच्यात योग शोधणारे शोधोत. मला एवढंच आठवतं की दुसऱ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र होतं आणि भिंतीवर कालनिर्णय होतं, आणि बायकोनं दुधाचा खाडा तिथेच मांडला. दाभोलकरांचं भांडण भिंतीवरच्या त्या कागदाशी कधीच नव्हतं.

भांडण कशाशी होतं? मंगळाशी. मुळाशी. आता तिथे येतो.

मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या स्थानी असला की मंगळाची पत्रिका. बारांपैकी पाच घरं. शेकडा चाळीसहून अधिक माणसं मंगळाची. साडेसाती तीन राशींना. केव्हाही बघा, पाव समाज साडेसातीत. म्हणजे दोष हा अपवाद नाही, नियम आहे. पण मुलाचा मंगळ कोणी जोरात बोलत नाही. ओझं मुलीच्या डोक्यावर.

आजोबांची खरी विद्या इथे होती. ते पत्रिका दोनदा बघायचे. पहिल्यांदा बापासमोर. मग ‘उद्या या’. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, ‘अहो, मंगळ स्वराशीचा आहे, दोष नाही.’ किंवा, ‘गुरूची दृष्टी आहे, काळजी नको.’ मंगळाच्या अपवादांची यादी एवढी लांब आहे की मनात आणलं तर कुठलीच मुलगी मंगळाची उरत नाही. नियम ज्यांनी केला त्यांचं मला माहीत नाही, पण अपवाद ज्यांनी लिहिले त्यांना मुली असाव्यात. गावात आजोबांनी किती लग्नं अशी जुळवली, त्याची मोजदाद नाही. ते ज्योतिष खरं मानत होते का? मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘शास्त्र खरं आहे. आपल्याला कुठे पुरतं येतं?’ आणि पाटी पुसली.

आणि माझी आत्या मूळ नक्षत्रावर जन्मली.

त्या काळच्या रीतीप्रमाणे आजोबांनी सत्तावीस दिवस लेकीचं तोंड पाहिलं नाही. शांत केली, मग तेलात प्रतिबिंब पाहिलं, मग मुलगी. मुळाची मुलगी सासऱ्याला वाईट, असं आपल्याकडे म्हणतात. स्थळं यायची, टिपण मागायची, आणि टिपण परत यायचं. एका बड्या घरानं तर टिपणाबरोबर निरोप पाठवला की जोशांनी तरी असं स्थळ सुचवायला नको होतं. आता तुम्ही म्हणाल, अपवाद? मुळाला अपवाद नाहीत का? आहेत की. चरण बघून आहेत, वेळ बघून आहेत. आजोबांनी ते दुसऱ्यांच्या मुलींना दिले होते. स्वतःच्या मुलीला देता आले नाहीत. दिले असते तर गाव म्हणालं असतं, जोशानं लेकीसाठी शास्त्र वाकवलं. आणि मग गावातल्या बाकीच्या मुलींना दिलेले अपवादही खोटे पडले असते. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. हे मी त्यांच्या मागं, त्यांचीच टिपणं चाळताना जुळवलंय. त्यात आत्याची पत्रिका पाच वेळा मांडलेली होती. पाच वेगवेगळ्या इष्टघटी, म्हणजे जन्मवेळा, घेऊन. दोन घटका अलीकडे, दोन पलीकडे. चंद्र काही मुळातून बाहेर निघाला नव्हता. खाली फल लिहिलं नव्हतं.

आत्या घरीच राहिली. आजोबांच्या मागं पंचांग तिच्या ताब्यात आलं. बायकांनी मुहूर्त काढायचा नाही, म्हणून ओटीवर कोणी तिला विचारायला यायचं नाही. माजघराच्या दारात यायचं. ती राशी, दशा यांतलं काही बघायची नाही. शेवटपर्यंत तिनं स्वतःची पत्रिका पाहिली नाही, असं म्हणायची. ती फक्त तिथी बघायची.

आमच्या गावाहून तालुक्याला जायचं तर होडीनं, म्हणजे तरीनं, खाडी ओलांडावी लागे. भरती असली की तर पार पायऱ्यांना लागायची. ओहोटीला गुडघाभर चिखल तुडवत जायचं, लुगडं वर धरून. म्हणून तरीची वेळ भरतीवर. आणि भरतीचा हिशेब कोकणात सगळ्यांना ठाऊक असतो : तिथीला पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. अमावास्या-पुनवेला बाराच्या सुमारास, मग रोज पाऊण तास पुढे. चंद्रच तो, पत्रिकेतलाही आणि खाडीतलाही.

मी पुण्याला शिकायला निघालो त्या दिवशी ट्रंक दारात होती आणि मी घाई करत होतो. आत्यानं पंचांगात बोट घातलं. ‘आज पंचमी,’ म्हणाली. ‘पाच पाऊणे पावणेचार. आत्ता जाऊन धक्क्यावर उन्हात काय करशील? जेवून घे.’

जेवलो. पावणेचारला तर पायऱ्यांशी आली.